पाखऱ्याचं दावं

१

इस्वास ठेवू नका पावणं, आधीच सांगते. लंकाबाईच्या शब्दावर इस्वास ठेवणारं माणूस ह्या गावात अजून जल्माला यायचंय. तुमी पडला घोडेगावचं, तुमाला ठावं नसंल. मागं म्या मुठीनं चिखलात बिबट्याची पावलं उठवली व्हती. वनखात्याची माणसं पिंजरा घिऊन आली, आत शेळी बांधली, फोटू काढलं. सरपंचानं भाषान केलं. मी पारावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात व्हते. शेळीचं तेवढं वाईट वाटलं, मंग तिला गुपचूप घरी आणून पेंड घातली.

तवा दम आसंल तर आता मी सांगती त्यातला एक शब्द खरा मानून दावा.

बसा. त्यो काळा चष्मा काढा, घुबडावानी दिसताय. गाडी बघायला आलाय न्हवं? फोनवर जाहिरात बघून? ती आमच्या सूनबाईनं टाकली, प्रतिभानं. ती ओतूरच्या बाजाराला गेलीया. गाडीचा मालक म्हंजी मपला नातू, सुदर्शन, त्यो बी घरी न्हाई. मी हाय. अन् गाडी त्या म्होरच्या गोठ्यात हाय. दार लावलंय. बसल्या जागंवरनं दारच बघा.

उठू नका म्हणलं ना.

आवाज? कसला आवाज? पत्रा वाजला असंल. उन्हाचा पत्रा वाजतोच.

२

सुदर्शन चाकणला कंपनीत हाय. लहानपणापासनं त्याला गाडीचं याड. पैका साठवून साठवून त्यानं ही आणली, तिकडंच कुठल्या तरी जुन्या गाड्यांच्या आवारातनं. पैला मालक कोण, गाडी का पडून व्हती, कायबी इचारलं न्हाई. लालभडक, अन् ढुंगान जमिनीला टेकलेलं. म्या म्हणलं, "आरं, हिच्यात बसायचं का लोळायचं?"

"आजी, ही पळायची गाडी हाय," त्यो म्हणला. "बसायची न्हाई."

गोठा मोकळाच व्हता. आमचा पाखऱ्या गेल्यापासनं त्यात जित्राब आलं नव्हतं. पाखऱ्या म्हंजी शर्यतीचा बैल. त्याचं नाव जुन्नर-आंबेगावात कुणालाबी इचारा. म्हातारा होऊन गेला, त्याचा दहावा घातला, गावजेवण केलं. पोरानं त्याच्या गव्हाणीवर पाने मांडलं, आढ्याला चेनपुली टांगली अन् गोठ्याचं ग्यारेज केलं. कामावरनं आला की च्या प्यायचा अन् आत शिरायचा. इंजिन उतरवलं. त्याला टर्बो का काय त्ये नवं बसवायचं व्हतं. चाकं काढली, गाडी लोखंडी स्टँडावर चढवली. मी रोज सकाळी गोठा झाडायची, अन् त्याचा एखादा पाना पिठाच्या डब्यात लपवायची. पीठ चाळताना प्रतिभा वरडायची, "आत्याबाई, आज काय भाकरीत नटबोल्ट घालायचं का?"

असं बरं चाललं व्हतं बगा.

मंग भादव्यातला पोळा आला. आमच्याकडं पोळा भादव्यात असतोय. समद्यांच्या दारात बैल सजलं, मपलं दार सुनं. म्या काय केलं, गाडीच्या दिव्यांना हिंगूळ फासला, टपावर पाखऱ्याची झूल टाकली, पुरणपोळीचा घास तिच्या म्होरं धरला. अन् खिळ्यावरचं पाखऱ्याचं दावं काढलं. गाडीच्या म्होरं वढून न्यायची कडी असती, तिच्यातनं ववलं अन् दुसरं टोक गव्हाणीपाशी खुट्ट्याला बांधलं. नवं जित्राब दारात आलं की बांधायचं असतंय, न्हाईतर उंडारतंय.

सुदर्शन पोट धरून हसला. फोटू काढला. दावं तसंच ऱ्हाऊ दिलं. आडवं येत नव्हतं. इंजिन खाली, चाकं खाली, गाडी स्टँडावर. ती जाती कुठं?

दुसऱ्या दिवशी झाडायला गेले. झाडू दाव्याला लागला.

बांधताना म्या दावं भुईला टेकंल इतकं ढिलं सोडलं व्हतं. आता त्ये ताणलं व्हतं. खुट्ट्यापासनं गाडीपत्तूर, एकदम सरळ. बोटानं टिचकी मारली, तर तुणतुण्यावानी वाजलं.

३

मी चार बुकं शिकलेली बाई. पर अक्कल शाळंत मिळत न्हाई. म्या इचार केला, दावं सुताचं, हवा वली. वल्या हवेनं सूत आखडतं. झालं. सोडलं, चुलीपाशी शेकलं, चांगलं कोरडं केलं अन् परत बांधलं, ढिलं. च्या टाकायला गेले, च्या घिऊन आले.

ताणलेलं.

गाडी हालली म्हणावं, तर स्टँडाच्या पायापासनं भुईपत्तूर कोळ्यानं जाळं इणलं व्हतं. त्यातली एक तार तुटली नव्हती.

"सुद्या," म्या म्हणलं, "मला खेळवतो व्हय रं? ज्या शाळंत तू शिकतोस ना, त्या शाळंची हेडमास्तरीण हाय मी."

"मी न्हाई गं आजी! मला वाटलं तूच वढून बांधतीस रोज."

"म्या न्हाई."

"तुजी शप्पथ?"

"मपली कसली शप्पथ? तुजी घाल."

त्यो हसला. पर मला कळलं, त्यो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचं कान हालत्यात, आज्ज्यावानी.

तरी खातरी करायची म्हून सांजच्या पारी म्या गोठ्यात चुलीची राख पसरली. भाकरीला पीठ पसरतो तशी, पातळ. दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला. म्हणलं, पाय उमटू दे, मंग बघते कुणाचा हाय.

सकाळी च्याचा कप घिऊन गेले, दार उघडलं. पावणं, तुमच्याकडं जनावरं असत्याल. बांधलेलं जनावर दिसभर खुट्ट्याभवती फिरतं, तवा भुईवर कसा अर्धा गोल पडतो? दावं पुरंल तिथवर माती घासल्याली अन् त्याच्या पल्याड हिरवं गवात? तसा गोल पडला व्हता. दावं पुरंल तिथवर राख गेलेली. त्याच्या पल्याड जशीच्या तशी.

पाय एक बी नव्हता. माणसाचा न्हाई, खुराचा न्हाई, नखाचा न्हाई. राख नुसती बाजूला सारलेली. अन् त्यो गोल गाडीच्या खालनं बी गेला व्हता. मधी गाडी उभी हाय ह्याचं त्याला कायच न्हाई. कोळ्याचं जाळं मातर तसंच.

मला पैल्यांदा वाटलं, पाखऱ्या. खरं सांगते, बरं बी वाटलं. म्या हाक मारली, "पाखऱ्याऽ, आरं माज्या राजा..."

दावं हाललं न्हाई. ताणूनच ऱ्हायलं.

अन् मंग मला आठवलं. पाखऱ्या शर्यतीच्या घाटात वारा व्हता, पर गोठ्यात गाय. उभ्या जल्मात त्यानं दाव्याला वढ दिली न्हाई. सुद्या रांगत असताना त्याच्या पायात झोपायचा. वढ देणारा बैल त्यो नव्हताच.

म्हंजी हे जे वढत व्हतं, त्ये पाखऱ्या नव्हतं.

च्याचा कप म्या तिथंच ठिवला अन् भायेर आले. पळाले न्हाई. म्हाताऱ्या बाईनं पळायचं नसतं, गाव इचारतं काय झालं.

४

सांगितलं का म्हणता? कुणाला सांगू? प्रतिभाला सांगितलं. ती म्हणली, "आत्याबाई, बिबट्या झाला, आता ह्ये व्हय?" शेजारचं दादाभाऊ तर हसता हसता खाली बसलं. म्हणलं, "लंकाबाई, ह्ये मातर पैल्यापेक्षा झ्याक हाय." जल्मभर थापा मारल्या ना, त्याचं फळ असं देव तोंडात घालतो.

गाडी तयार झाली. इंजिन चढलं, चाकं लागली. सुरू केली तर घरात मांडणीवरची भांडी नाचली. सुद्याच्या तोंडावर असा उजेड, जसा पाखऱ्यानं पैला नंबर मारल्यावर आमच्या मालकाच्या, सुद्याच्या आज्ज्याच्या तोंडावर असायचा. मला त्याला काय बोलवंना. तरी त्यो दावं सोडाया वाकला तवा म्या त्याच्या हातावर हात ठिवला.

"नको सोडू."

"मंग काय खुट्ट्यासंगट न्हेऊ?"

"सुद्या, ह्ये थट्टेत न्हाई सांगत मी."

"थट्टेत न्हाई, असं तू दरयेळीच म्हणतीस," त्यो म्हणला, अन् गाठ सोडली.

दावं भुईवर पडलं न्हाई लगीच. वाईच थांबलं. मंग पडलं. त्यानं बघितलं न्हाई. म्या बघितलं.

भर दुपारचा घाटघरच्या रस्त्यानं गेला. मी ह्याच वट्यावर बसले. आधी लांबवर गाडीचा आवाज यायचा, मंग त्यो बी बंद झाला. प्रतिभा म्हणली, "येईल, काय नाणेघाटातनं खाली उडी मारतोय व्हय?"

दिस कलता कलता आला. गाडी अशी हळू, अशी हळू, की शाळंतनं येणारी पोरं सायकलीवरनं तिच्या म्होरं निघाली. गोठ्यात घातली. इंजिन बंद न करताच उतरला, आधी दावं शोधलं अन् बांधलं. दोन गाठी मारल्या, त्यावर तिसरी. मंग चावी फिरवली.

"काय रं?" म्या इचारलं. "ब्रेक लागत न्हाई का?"

"लागतो की," त्यो म्हणला. आवाज एवढुसा. "ब्रेक मारला की गाडी जागच्या जागी थांबती आजी. गाडीत कायबी खोट न्हाई."

"मंग?"

"गाडी थांबती," त्यो परत म्हणला. अन् दाव्याची गाठ परत चाचपून, "तिच्या मागचं थांबत न्हाई."

मागं काय व्हतं, ते म्या इचारलं न्हाई. तुमी बी इचारू नका. कदी कदी न इचारण्यात शानपन असतं.

५

त्या दिसापासनं पोर बदललं. आधी समदं पळवायचं सामान आणायचा. आता नुसतं ब्रेक. मोठ्या चकत्या, जाड नळ्या, ब्रेकचं तेल. रोज खोलायचं, रोज बसवायचं. म्या म्हणलं, "आरं, गाडी थांबती म्हणलास ना?" तर म्हणला, "कायतरी करत ऱ्हायला पायजे ना आजी." कामावर जाणं बंद. कंपनीतनं फोन यायचं, उचलायचा न्हाई. पोरगी बघायला जायचं ठरलं व्हतं, त्ये बी ऱ्हायलं. गालफडं बसली.

त्यानं लोखंडी साखळी लावून बघितली. सकाळी साखळीची एक कडी उघडून पडलेली, पाव फाटतो तशी. गाडी वढायचा जाड पट्टा लावला, त्यो बी तुटला. पाखऱ्याचं दावं तेवढं तुटंना. का? मला काय ठावं! मी काय भगत हाय?

दावं तुटंना, पर खुट्टा हालाया लागला.

आता ध्यानात घ्या, पावणं, मपला जीव कशात अडाकला त्ये. खुट्टा हालाया लागला तसं सुद्या दावं हातानं धराया लागला. दिसभर. गव्हाणीला पाय लावायचा, दाव्याचा येढा मनगटाला मारायचा अन् बसायचा. हाताची साल गेली. "थोडा येळ सोड," म्या म्हणायची. तर म्हणायचा, "कुणीतरी धराया पायजे." जेवायला मी भरवायची, लहान असताना भरवायची तशी. म्हंजी माज्या नातवाचा खुट्टा झाला व्हता, अन् त्यो बी हालत व्हता.

एक दिस दुपारी भाकरी घिऊन गेले. समदीकडं चिडीचूप. पत्र्याच्या भोकातनं उन्हाचं कवडसं खाली पडलेलं. दार लोटलं.

सुद्या उलट्या बादलीवर बसला व्हता. दावं मनगटाला. गाडी तिकडं डाव्या अंगाला उभी. पर दावं गाडीकडं जात नव्हतं. कडी मोकळी व्हती. दावं सुद्याच्या मनगटापासनं निघून उजव्या अंगाला, गव्हाणीच्या वर, मोकळ्या जागंत गेलं व्हतं. सरळ, ताणलेलं. अन् त्याच्या टोकाला फास. भरलेला फास, पावणं. रिकामा फास लोंबतो. ह्यो गोल व्हता. कशाच्या तरी भवती.

किती उंच? माज्या डोस्क्याच्या वर. बैलाची मान तिथं नसती.

सुद्या मान वर करून फासाच्या वरती बघत व्हता. मांडीवर घिऊन पोर निजवावं तसं काय तरी हळू हळू बोलत व्हता. माज्याकडं बघितलं न्हाई.

अन् मी? म्या फासापत्तूर बघितलं. वर बघितलं न्हाई. कवडसं मातर दिसलं. भुईवर समदीकडं पडलं व्हतं, अन् त्या एका जागंवर एक बी पडलं नव्हतं.

भाकरी उंबऱ्यावर ठिवली. म्हणलं, "सुद्या, जेवून घे रं." अन् माज्या पाठीमागं दार वढून घेतलं.

६

मंग प्रतिभानं जाहिरात टाकली. तिला वाटतं गाडी गेली की पोराचं याड जाईल. आई हाय, तिचं काय चुकलं? अन् तुमी आला. रंग इचारला, किलोमीटर इचारलं. बरं वाटलं.

पर इकू कशी? जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. तुमाला ठावं हाय, तुमच्या बा नं बी कवा दिलं नसंल. दावं घरी ठेवायचं असतंय, घरचं जित्राब दाव्यासंगट जातं. आता मपल्या घरात त्या दाव्याला कोण बांधलाय, सांगा. दावं दिलं तर सुद्या जातो. न्हाई दिलं तर गाडीमागचं त्ये तुमच्या दारात सुटं येतं. घरी पोरं हायती का? दोन लेकी? बगा. म्या जल्मभर लोकांना फशिवलं, पर असं न्हाई. हसायला फशिवलं.

म्हून आज सकाळी शेवटची थाप मारली. सुद्याला म्हणलं, "तुजी आई ओतूरला बाजारात पडली, पाय मोडला, तुला बलावतीया." जिच्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई तिच्यावर त्यानं इस्वास ठिवला, पोरानं. रडायला लागला. म्हणला, "ह्ये कोण धरील?" म्या म्हणलं, "मी धरते. तुला न्हाऊ घालणाऱ्या हातात बळ न्हाई का?" तसा एसटीला पळाला. मी हातानं धरलंच न्हाई. खुट्ट्याला गाठ मारली अन् हितं यिऊन बसले. त्यो खुट्टा टिकंल तवर.

न्हाई, पत्रा न्हाई त्यो. मगाशी मी खोटं बोलले. खुट्टा हाय.

तुमी शर्यती बघितल्या असत्याल. आपल्याकडं घाटात गाड्यावर माणूस बसत न्हाई. बैल आपलं आपण पळत्यात. पर असंच पळत न्हाईत. म्होरं घोडी लागती. घोडी पळाली की तिच्यामागं बैल पळत्यात, डोळं झाकून, घाट सपंपत्तूर. सोडल्यावर म्होरं कोण हाय, एवढंच त्यांना कळतं.

सुद्या हितं असता तर त्यो म्होरं झाला असता. म्हून घालवला त्याला.

गोठ्याच्या त्या अंगाला दुसरं दार हाय. त्या दारातनं उतार लागतो, सरळ धरणाच्या पाण्यात जातो. मधी कुणाचं घर न्हाई, वावर न्हाई. मी खुट्ट्याची गाठ सोडनार, अन् म्होरनं चालाया लागनार. पळायचं बळ गुडघ्यात न्हाई, पर उतार हाय, अन् मी घोडी लई हट्टी हाय. मला पवता येतं. त्याला येतं का, त्ये बघू.

हसताय? हसा. हसायलाच पायजे. संध्याकाळी प्रतिभा अन् सुद्या संगट एसटीतनं उतरत्याल, मला शिव्या देत देत. त्यांना सांगा, म्हातारीनं लई झ्याक फशिवलं म्हून. बाकी काय सांगू नका.

तुमची फटफटी ढकलत न्या, चालू करू नका. अन् खालच्या रस्त्यानं न्हाई, वरच्या बांधावरनं. तुमी माज्या म्होरं दिसता कामा नये.

ऐकलं का? खुट्टा आता नुसता हालत न्हाई. आता निघतोय.

जा. जा म्हणते ना. जा आता.